कडवटपणा कुठे संपतो, ते पाहावे

मागील अंकात याच सदरात पिल्सनर बिअरचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर नागपूरहून पाच पत्रे आली असून सर्वांचा रोख पारखीकडेच आहे, म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांसाठी राखले आहे.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र बँकेतून निवृत्त झालो असून महिन्यातून एकदा त्रिमूर्तीनगरातील एका घराच्या गच्चीवर जमतो. मागच्या वेळी एकाने नेहमीच्या बिअरऐवजी पिल्सनर आणली. तिघांनी पहिल्याच घोटाला तोंड वाकडे केले आणि बिअर बिघडलेली असल्याचा निकाल दिला. आणणारा मात्र ती उत्तम असल्याचे सांगत राहिला. खरे कोणाचे? आणि अशा बिअरची पारख नेमकी कशावरून करायची?

उत्तर : ती बाटली मी चाखलेली नसल्यामुळे निकाल देता येणार नाही, पण केवळ कडू लागली म्हणून ती बिघडलेली ठरत नाही, एवढे आपल्या तिघा मित्रांना खुशाल सांगावे. कारल्याची भाजी कडू लागली म्हणून कोणी ताट परत पाठवत नाही. मात्र तो कडूपणा घशाशी चिकटून बसला आणि पुढच्या वरणभाताचीही चव घालवू लागला, तर करणाऱ्याला बोल लावतो. पिल्सनरच्या बाबतीतही कडवटपणा आहे की नाही हा प्रश्नच नाही. तो कसा येतो आणि कुठे संपतो, हे पाहायचे असते.

या बिअरचे नावच गावावरून पडले आहे. बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, पिल्सेन शहरात १८३८ साली बिअर इतकी वाईट निघाली की तिची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली, अशी हकीकत तिथे सांगतात. त्यानंतर नागरिकांनी स्वतःचा कारखाना उभारून जर्मनीतील बव्हेरियातून योसेफ ग्रोल या कारागिराला बोलावले आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा लावला. तोवर तिकडच्या बहुतेक बिअर काळपट किंवा गढूळ असत, ही मात्र सोनेरी आणि नितळ निघाली. मंद आचेवर सुकवल्यामुळे फिकट राहिलेले मोड आलेले जव, जवळच्या झातेत्स भागातील हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले), थंडीत सावकाश काम करणारे यीस्ट आणि तिथले अतिशय मऊ पाणी, एवढीच तिची सामग्री. पाण्याचे महत्त्व आपल्याकडच्या गृहिणींना सांगायला नको, कारण विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बिअरमध्ये पाण्यातील क्षारांचा परिणाम कडवटपणाच्या धारेवर होतो: मऊ पाण्यात तो गोलसर लागतो, तर सल्फेट अधिक असलेल्या पाण्यात कोरडा आणि टोकदार होतो. पिल्सनरच्या दोन मोठ्या घराण्यांत जो फरक आहे, त्याचे एक कारण इथेच सापडते. चेक पिल्सनर अंगाने भरलेली असते, तिच्यात पावाच्या कडेसारखी जवाची चव जाणवते आणि कडवटपणा तिच्या आत मुरलेला असतो. जर्मन पिल्सनर अधिक फिकट, अंगाने हलकी आणि शेवटाला खडखडीत कोरडी असते.

कडवटपणा मोजण्याचे एक आंतरराष्ट्रीय एकक आहे. परीक्षक ज्या नियमावल्या वापरतात त्यांत साध्या अमेरिकी धाटणीच्या लागरसाठी (थंडीत सावकाश आंबवलेल्या फिकट बिअरसाठी) ८ ते १८, जर्मन पिल्सनरसाठी २२ ते ४० आणि चेक पिल्सनरसाठी ३० ते ४५ असे आकडे दिलेले आढळतात. ज्यांची जीभ पहिल्या प्रकारावर वाढली, त्यांना तिसरा प्रकार धक्का देणारच, आणि आपल्या तिघा मित्रांचे बहुधा तेच झाले असावे.

आता प्रत्यक्ष पारख. नागपुरात बिअर 'एकदम चिल्ड' मागण्याची पद्धत आहे आणि उन्हाळ्यात ती समजण्यासारखीही आहे, परंतु बर्फाळ बिअरला चव नसते. थंडीने जीभ बधिर होते आणि वास पेल्यातून वर येत नाही. बाटली फ्रिजमधून काढल्यावर काही मिनिटे थांबावे आणि बिअर ६ ते ८ अंशांच्या आसपास आली की ओतावी. (मे महिन्यात गच्चीवर ही मुदत फारच थोडी असते, तेव्हा गप्पांत रमू नये.) पेल्यात चार-पाच घोट पुरतील एवढीच घ्यावी. आधी रंग आणि नितळपणा पाहावा, पण त्यावर फार वेळ घालवू नये. सोनेरी रंग कोणालाही जमतो. फेस बसण्यापूर्वी नाक पेल्याजवळ नेऊन दोन-तीन आखूड हुंगे घ्यावेत. चांगल्या पिल्सनरमध्ये पहिल्यांदा ताज्या भाजलेल्या पावाचा किंवा तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या पोळीचा वास येतो आणि त्याच्यामागून हॉप्सचा, जो काहीसा गवताचा, काहीसा फुलांचा आणि थोडा मसाल्याच्या डब्यासारखा असतो. हॉप्सची वेल भांगेच्याच कुळातली आहे, पण नशेशी या नात्याचा काही संबंध नाही. वासात मात्र ते कधीकधी ओळखू येते.

मग घोट घ्यावा, तो तोंडभर फिरवावा आणि गिळावा. वाइनच्या परीक्षणात थुंकण्याची पद्धत आहे, बिअरमध्ये मात्र घोट गिळतात, कारण कडवटपणाचा खरा हिशेब गिळल्यानंतरच लागतो. गिळल्यावर बोलू नये आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत. जवाची मंद गोडी आधी आली, कडवटपणा तिच्यावर चढला आणि वीस होईपर्यंत स्वच्छपणे उतरून पुढच्या घोटाची इच्छा ठेवून गेला, तर बिअर चांगली. तो उतरलाच नाही, जिभेच्या कडा ओढल्यासारख्या झाल्या, चहा जास्त उकळल्यावर येतो तसा तुरटपणा मागे राहिला, तर तो दोष आहे आणि तिथे आपल्या तिघा मित्रांची बाजू खरी.

वाद मिटवायचाच असेल, तर पुढच्या बैठकीत एकाने आत जाऊन तीन पेले भरावेत, दोहोंत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि बाकीच्यांनी वेगळा पेला ओळखावा. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून ही परीक्षा पेल्यांची जागा बदलून निदान चार-पाच वेळा घ्यावी. लेबल झाकले की ठाम मते किती मऊ होतात, हे पाहण्यासारखे असते.

प्रश्न : मी हिरव्या बाटलीतील परदेशी धाटणीची पिल्सनर घेतो. कधी ती उत्तम लागते, तर कधी तिला विचित्र उग्र वास येतो. एका दुकानातून घेतलेल्या बाटल्यांना तर तो नेहमीच येतो. दुकानदार म्हणतो की या बिअरचा वासच तसा आहे. — धरमपेठ

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे मान्य करू नये. हॉप्समधून उतरलेल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की बिअरमधील राइबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या मध्यस्थीने त्यांचे विघटन होते आणि गंधकयुक्त असा एक पदार्थ तयार होतो, जो अत्यल्प प्रमाणातही नाकाला झोंबतो. इंग्रजी पुस्तके या वासाला स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात. तो प्राणी आपल्याकडे नसल्यामुळे ही उपमा आपल्या काही कामाची नाही. मला तो वास जळक्या रबरात कुजका कांदा मिसळल्यासारखा वाटतो. तपकिरी काच या प्रकाशाला बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच थोडी आणि पांढरी काच जवळजवळ नाहीच. त्या दुकानात बाटल्या काचेच्या दर्शनी फडताळात, ट्यूबलाइटखाली किंवा उन्हाच्या तिरिपेत उभ्या असतात का, ते एकदा पाहावे. खोक्यातून काढून दिलेली बाटली मागावी, अथवा सरळ कॅन घ्यावा. कॅनला अजूनही काही लोक कमी प्रतीचे समजतात. पिल्सनरच्या बाबतीत मी त्याला बाटलीच्या वर ठेवतो.

आपल्या शहरात प्रकाशाइतकाच उष्णतेचाही विचार करावा लागतो. मागच्या उन्हाळ्यात मी एकाच दुकानातून, एकाच तारखेच्या तीन हिरव्या बाटल्या आणल्या. एक फ्रिजमध्ये ठेवली. दुसरी जुन्या धोतरात गुंडाळून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर टाकली, जिथे दुपारी हात लावला तर भांडीही कोमट लागत. तिसरी तीन आठवडे पहिलीबरोबर फ्रिजमध्ये राहिली आणि चाखण्याच्या दिवशी अर्धा तास गॅलरीच्या कठड्यावर उन्हात उभी होती. तिसरीचे बूच काढताच पलीकडे बसलेल्या पत्नीने गॅस बंद आहे का, असे विचारले. दुसरीला असा वास नव्हता, पण तिचे हॉप्स मेल्यासारखे झाले होते आणि शाळेची वही पावसात भिजून वाळली की तिच्या पानांना येतो तसा, ओल्या पुठ्ठ्याचा वास तिला येत होता, मागे किंचित मधासारखा चिकट गोडवा. कारखान्यातून ती तशी निघाली नव्हती, कारण तिची जुळी बहीण फ्रिजमध्ये ठणठणीत होती. बाटलीत राहिलेल्या ऑक्सिजनचे काम उष्णतेत कितीतरी वेगाने चालते, आणि ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तिथे कूलरही नसलेल्या गोदामात पडून राहिलेल्या मालाचे काय होत असेल, ते सांगायला नको. म्हणून उन्हाळ्यात मी लेबलावरील नावाआधी निर्मितीची तारीख वाचतो.

प्रश्न : नागपुरातील सदर या भागातल्या एका बारमध्ये वेटरने दोन-तीन बोटे फेस ठेवून पिल्सनर दिली. मी फेस काढून भरून द्यायला सांगितले, तेव्हा त्याने मलाच समजावले. ग्राहकाची ही फसवणूक नव्हे काय?

उत्तर : माप पेल्यावरील रेघेपर्यंत भरले असेल, तर वेटरचे बरोबर होते. जवातील प्रथिने आणि हॉप्समधील कडू द्रव्ये यांच्या जोडीने हा फेस टिकतो. तो खालच्या बिअरला हवेपासून झाकतो आणि सुगंध धरून ठेवतो. चेक लोक तर जवळजवळ पूर्ण फेसाचाच पेला देतात आणि त्याला आपल्या भाषेत 'दूध' म्हणतात. फेस दाट असावा आणि प्रत्येक घोटागणिक पेल्याच्या आतल्या भिंतीवर त्याचे एक वळे उमटावे.

मात्र पेल्याच्या भिंतीला आतून बुडबुडे चिकटलेले दिसले तर तक्रार जरूर करावी, कारण तो पेला नीट धुतलेला नाही. तेलाचा अंश फेसाचा शत्रू आहे. घरी पेला धुऊन पाण्याने भरून रिकामा करावा. पाणी अखंड पातळ थरासारखे ओघळले तर पेला स्वच्छ, थेंब थेंब होऊन अडले तर पुन्हा धुवावा.

प्रश्न : मी नागपुरातील हॉटेलात काम करते, घर मात्र वर्ध्याला आहे. स्पर्धांमध्ये परीक्षक गुण कसे देतात? कोणते दोष ओळखता आले पाहिजेत?

उत्तर : अमेरिकेतून सुरू झालेल्या आणि आता बऱ्याच देशांत चालणाऱ्या एका परीक्षक-प्रमाणन कार्यक्रमाच्या पत्रकात एकूण ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला केवळ ३, हे ध्यानात ठेवावे. ग्राहक बहुधा उलट करतात.

दोष आपल्या स्वयंपाकघरातूनच शिकता येतात. सिनेमागृहातील पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास आला तर यीस्टला शेवटची आवराआवर करायला पुरेसा वेळ मिळालेला नसतो. चेक धाटणीत त्याचा किंचित अंश चालवून घेतात, जर्मन धाटणीत नाही. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास फिकट जवातून येतो आणि उकळी जोरकस नसल्यास मागे राहतो. कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर घाईने बाहेर काढल्याची खूण. काळ्या किंवा फळांच्या बिअरमध्ये यांतले बरेच लपून जाते, पण पिल्सनरमध्ये लपायला जागा नाही, आणि म्हणूनच कारागिराची परीक्षा घ्यायची असेल तर अनुभवी परीक्षक आधी त्याची पिल्सनर मागतात. चाखण्यापूर्वी अत्तर, हातावरचा सुगंधी साबण आणि अर्थातच खर्रा वर्ज्य. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी असल्यामुळे अभ्यास नागपुरातच आटोपावा. बाटली सोबत घेऊन वर्ध्याची गाडी पकडू नये.

प्रश्न : सावजी मटणाबरोबर पिल्सनर चालेल का? — महाल

उत्तर : पिण्यासाठी चालेल, पारखण्यासाठी नाही. तिखटाने पोळलेल्या जिभेवर कडवटपणा आणि बुडबुडे दोन्ही दुप्पट टोचतात, आणि ओठाला लागलेली तर्री पहिल्याच घोटात फेसाचा निकाल लावते. पारख करायची असेल तर आधी बिनमिठाचे मुरमुरे आणि साधे पाणी घेऊन बसावे, टिपणे लिहून झाली की मटण वाढून घ्यावे.