अमेरिकेतलं अस्सल लोकसंगीत ऐकायला नॅशव्हिलला जावं का? हाताशी दहा दिवस आहेत.

नॅशव्हिल म्हणजे टेनेसीतली कंट्री संगीताची राजधानी. तिथे जा, पण एक संध्याकाळ पुरे. तिथले वादक कसलेले आहेत, त्यात वाद नाही. पण तिथल्या ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावरच्या बारमध्ये त्यांना पर्यटकांच्या फर्माइशी वाजवाव्या लागतात. तुम्ही म्हणताय ते संगीत छोट्या गावांत आहे, आणि तेही बहुतेक शुक्रवार-शनिवारी. अटलांटात नोकरीला होतो तेव्हा सुट्टी मिळाली की मी याच नादात हिंडायचो. त्यावरून सांगतो, नकाशाच्या आधी वार बघा.

माझी सगळ्यात आवडती जागा लुइझियानातलं युनिस. तिथे मार्क सॅव्हॉय यांचं वाद्यांचं दुकान आहे. केजन, म्हणजे इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांच्या संगीतातलं अकॉर्डियन हे भात्याचं वाद्य ते स्वतः बनवतात. शनिवारी सकाळी दुकानातच बैठक जमते. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार जे असेल ते घेऊन यायचं आणि खुर्ची ओढून बसायचं. गाणी फ्रेंचमध्ये, कारण केजन लोक म्हणजे ब्रिटिशांनी १७५५ पासून आजच्या कॅनडातून हुसकावलेल्या अकेडियन, म्हणजे तिथे वसलेल्या फ्रेंच लोकांचे वंशज. ताल धरायला लोखंडी त्रिकोण असतो. आपल्या भजनात ज्याच्या त्याच्या हातात टाळ. इथे एका वेळी एकानेच त्रिकोण वाजवायचा असा दंडक आहे. बंद खोलीत तो खणखणाट कानाशी ऐकला की दंडक का आहे ते लगेच कळतं. जाताना काहीतरी खायला घेऊन जा. बरेच जण भात आणि डुकराचं मांस भरलेला बूदँ नावाचा सॉसेज आणतात. जवळच्या मामू गावात फ्रेड्स लाउंज आहे. तिथे शनिवारी भल्या सकाळी बँड सुरू होतो आणि आजी-आजोबा हातातली बियर टेबलावर ठेवून वॉल्ट्झ नाचायला उठतात.

दुसरा पट्टा नैऋत्य व्हर्जिनियाचा. फ्लॉइड गावात शुक्रवारी रात्री एका जुन्या दुकानात फिडल आणि बँजो (गोल कातडी तबकडीचं तंतुवाद्य) रंगतो. नाचणाऱ्यांच्या बुटांना खाली पत्र्या ठोकलेल्या असतात, त्यामुळे लाकडी जमीनही वाजते. (बँजो ‘गोऱ्या डोंगराळ लोकांचं वाद्य’ म्हणून प्रसिद्ध असलं तरी मूळचं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं.) शनिवारी हिल्टन्सला कार्टर फॅमिली फोल्ड, कंट्री संगीतातल्या आद्य कार्टर कुटुंबाच्या गावचं सभागृह. विजेवरची वाद्यं तिथे चालत नाहीत. अपवाद फक्त घरचे जावई, प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅश यांचा. ५ जुलै २००३ ला त्यांचा शेवटचा कार्यक्रम याच जागी झाला. ब्रिस्टल वाटेतच आहे. कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण १९२७ मध्ये तिथे झालं.

आता मिसिसिपी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचं माहेर. क्लार्क्सडेलच्या ६१ आणि ४९ क्रमांकांच्या हायवेंच्या चौकात गिटार लावलेला खांब आहे. फोटो काढा आणि पुढे व्हा. अशा चौकात गिटार शिकण्यासाठी सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनच्या नावावर खपते, पण आधी ती टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूज गायकाबद्दल सांगितली जायची. त्यापेक्षा डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये थोर ब्लूज गायक मडी वॉटर्सची लाकडी खोली बघा, स्टोव्हॉलच्या मळ्यावरून उचलून आणलेली. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी १९४१ मध्ये मळ्यावरच त्याचं गाणं मुद्रित केलं होतं, तेव्हा तो तिथे ट्रॅक्टर चालवायचा. वेळ उरला तर बेंटोनियाचं ब्लू फ्रंट कॅफे गाठा. ब्लूज गायक जिमी ‘डक’ होम्स यांच्या आईवडिलांनी ते १९४८ मध्ये काढलं. आणि हो, गंजलेला पत्रा दिसला की जागा अस्सल, असं समजू नका. गिऱ्हाइकांत गावातली माणसं किती आहेत ते बघा.

तुमच्या दहा दिवसांत दोन शनिवार-रविवार बसवा: पहिला व्हर्जिनियात, दुसरा युनिसला, मधले दिवस मिसिसिपी. गाडी भाड्याने घ्यावीच लागेल, या गावांना बसच्या भरवशावर जाता येत नाही.