लेखक शाळेत येऊन गेल्यावर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : गेल्या वर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, आमच्या शाळेत एक बालसाहित्यिक आले होते. पाचवी ते नववीची सगळी मुले मैदानावर बसवली होती. भाषण चांगले झाले, टाळ्याही पडल्या. पण दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तेव्हा चार-दोन मुलांनाच लेखकांचे नाव आठवले. यंदा पुन्हा कोणाला तरी बोलवायचे आहे. काय वेगळे करावे?
— एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : यात दोष लेखकांचा नव्हता आणि मुलांचा तर मुळीच नव्हता. ज्यांची एक ओळही आपण वाचलेली नाही, असे पाहुणे मोठ्यांच्याही लक्षात राहत नाहीत. म्हणून भेटीची तयारी निदान तीन आठवडे आधी सुरू करावी आणि तिचा मोठा भाग वाचनाचा असावा. त्या लेखकाचे एकच पुस्तक निवडून मधल्या सुट्टीनंतर रोज पंधरा मिनिटे वर्गात मोठ्याने वाचावे. त्यासाठी एक प्रतही पुरते. तेही जमत नसेल, तर ‘किशोर’ मासिकात त्यांची एखादी कथा आली आहे का, ते पाहावे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

पुस्तक ऐकलेल्या मुलांचे प्रश्न निराळे असतात. ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ हा प्रश्न बहुधा आपण मोठ्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो. मुलाला स्वतःला विचारायचे असते, की गोष्टीतला कुत्रा शेवटी घरी का आला नाही. असे प्रश्न मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहावेत आणि ते शिक्षकांनी सुधारू नयेत.

आता प्रत्यक्ष दिवसाविषयी. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन यांत अर्धा तास जातो, आणि तो मुलांच्या वाट्यातून जातो. सत्कार मुख्याध्यापकांच्या खोलीत करावा, परिचय दोन मिनिटांत एखाद्या विद्यार्थ्याने करून द्यावा आणि लेखकांना मैदानाऐवजी वर्गात न्यावे. पूर्ण शाळेने दुरून पाहण्यापेक्षा दोन किंवा तीन वर्गांना प्रत्येकी एक तासिका मिळणे केव्हाही चांगले. उरलेल्या वर्गांची पाळी पुढच्या वर्षी येईल, हे त्यांना आधीच सांगावे.

लेखकांना एक विनंती अवश्य करावी : येताना छापील पुस्तकासोबत त्याचा कच्चा खर्डाही आणावा. मी स्वतः शाळांमध्ये जातो, तेव्हा एका कथेचे पहिले पान नेतो. त्यातला आरंभीचा परिच्छेद चार वेळा खोडलेला आहे. एकदा सातवीतल्या एका मुलाने त्या पानावरची खाडाखोड बोट ठेवून मोजली आणि विचारले, “मग तुमचे किती गुण कापले?” तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. आपल्या मुलांच्या लेखी खोडणे म्हणजे गुण जाणे. त्यामुळे जे लिहिताना खोडावे लागणार नाही, तेवढेच ती लिहितात, म्हणजे पाठ केलेला निबंध लिहितात. लेखकाच्या हातची खाडाखोड डोळ्यांनी पाहिल्यावर ही भीती जेवढी कमी होते, तेवढी कोणत्याही उपदेशाने होत नाही.

त्याच तासिकेतली शेवटची वीस मिनिटे लिहिण्यासाठी राखून ठेवावीत, कारण ऐकल्यानंतरची ऊब दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. विषय जवळचा असावा. नागपुरात तर त्यांची उणीवच नाही. तान्ह्या पोळ्याला सजवलेला लाकडी बैल घरात कोणाकडून आला, बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसे, मागायला कोणाच्या दारी जायला संकोच वाटला, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत कोणाच्या खांद्यावर बसून काय दिसले, यांपैकी एकच गोष्ट लिहायला सांगितली, तरी चाळीस मुलांची चाळीस निराळी पाने होतात. त्या वीस मिनिटांत आपणही मुलांबरोबर बसून लिहावे, असा माझा आग्रह आहे.

आणि पुढे? शाळेत हस्तलिखित निघत असेल, तर ही पाने दिवाळीपूर्वी त्यात घ्यावीत. निघत नसेल, तर या निमित्ताने सुरू करावे. त्याची एक छायाप्रत लेखकांना पाठवून, त्यांनी वर्गाला चार ओळींचे उत्तर लिहावे, हे निमंत्रण देतानाच ठरवून घ्यावे.

प्रश्न : लेखकांना कोणत्या महिन्यात बोलवावे आणि मानधन द्यावे का? आमची शाळा लहान आहे.
— एक मुख्याध्यापक, नागपूर ग्रामीण

उत्तर : विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे जुलै-ऑगस्ट हा काळ उत्तम. दिवाळीपूर्वीच्या परीक्षेआधी लिहायला पुरेसे दिवस मिळतात. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सगळ्याच शाळा लेखकांना बोलावतात आणि तेव्हा परीक्षाही जवळ आलेली असते.

मानधन द्यावे. ब्रिटन-अमेरिकेत शाळाभेटी हा बालसाहित्यिकांच्या उत्पन्नाचा एक भाग मानला जातो. आपल्याकडे मात्र लेखकाचा दिवस फुकट असतो, असे गृहीत धरले जाते आणि ते मला अन्यायाचे वाटते. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती आधी सांगावी, प्रवासखर्च वेगळा द्यावा आणि ग्रंथालयासाठी त्यांच्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती विकत घ्याव्यात. शेजारच्या दोन शाळांनी एकच दिवस वाटून घेतला, तर खर्चही वाटला जातो. लेखकांची नावे मिळवण्यासाठी नागपुरातील विदर्भ साहित्य संघात विचारणा करावी. १९२३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा विदर्भातल्या लिहिणाऱ्यांशी जुना संबंध आहे.

प्रश्न : माझी नात सहावीत आहे. शाळेत लेखिका येऊन गेल्यापासून ती रोज गोष्टी लिहिते. परंतु ती ‘काहून’, ‘पोट्टे’, ‘सांबार’ असेच शब्द वापरते. बाईंनी ‘सांबार’ खोडून ‘कोथिंबीर’ लिहिले, तेव्हापासून वही बंद आहे. शुद्ध भाषा शिकवू की तिला लिहू देऊ?
— एक आजोबा, नागपूर

उत्तर : आजोबा, आधी वही उघडू द्या. ज्या घरात आजी भाजीवाल्याकडे सांबाराची जुडी मागते, त्या घरची गोष्ट लिहिताना नातीने कोथिंबीर आणली असती, तर ती आजी दुसऱ्याच कोणाची तरी झाली असती. पात्राच्या तोंडी ‘काहून’ असणे ही चूक नव्हे; उलट, माणूस कसा बोलतो हे तिने कान देऊन ऐकल्याची ती खूण आहे, आणि हे ऐकणे कित्येकांना पुष्कळ लिहूनही साधत नाही. प्रमाणभाषा तिला यावीच लागेल. पत्रात, उत्तरपत्रिकेत आणि कथेतल्या निवेदनात ती लागते. पण ती तिला वाचनातून हळूहळू येईल. बाईंचा हेतू वाईट नव्हता, असे नातीला सांगावे आणि बाईंनाही शांतपणे भेटून गोष्ट पुन्हा वाचायची विनंती करावी.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आपण दाखवू शकता, मात्र गोष्ट पूर्ण झाल्यावर, वेगळ्या कागदावर आणि तिने विचारले तरच. तोवर संध्याकाळी तिला ती गोष्ट आजीसमोर मोठ्याने वाचायला सांगा. आजी जिथे “असं नाही म्हणत मी” म्हणेल, तिथे नात स्वतःच पेन्सिल उचलेल.