परसातलं भुयार

लेस्टरहून एक वाचक विचारतात: परसात वाफा खणताना कमानीसारखा वाकवलेला, गंजका पन्हळी पत्रा लागला. शेजारचे आजोबा म्हणाले, अँडरसन शेल्टर, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून बचावासाठी केलेलं. आईला मराठीत कळवताना 'बंकर' लिहू का? आणि शेल्टर तो की ते?

बंकर मुळीच नको! जमिनीखाली काहीही सापडलं की हल्ली बातम्यांत बंकर. शब्द मूळचा स्कॉटिश, अर्थ पेटी किंवा पेटीवजा बाक. सैनिकी अर्थ फार उशिरा चिकटला. इंग्लंडात परसातला बंकर म्हणजे कोळशाची कोठी, तेव्हा आजोबांचाही गोंधळ कराल.

'खंदक' सुचवणारेही भेटतील. खंदक वरून उघडा असतो, किल्ल्याभोवती असतो. याला छप्पर होतं. 1939च्या फेब्रुवारीपासून ब्रिटिश सरकारने घरोघर हे पत्रे दिले. वर्षाला 250 पौंडांहून कमी मिळकत असेल तर फुकट, एरवी 7 पौंड. चार फूट खड्डा खणायचा, वाकवलेले पत्रे माथ्यावर बोल्टने जोडायचे, वर पंधरा इंच माती. साडेसहा फूट बाय साडेचार फुटांत सहा माणसं, आणि पावसाळी रात्री पायाखाली पाणी. वरच्या मातीत लोकांनी भाज्यासुद्धा लावल्या. नाव जॉन अँडरसन या मंत्र्यांचं, हवाई हल्ल्यांपासून बचावाचं खातं त्यांच्याकडे होतं. हे गृहस्थ त्याआधी बंगालचे गव्हर्नर होते. युद्ध संपल्यावर बरेच पत्रे सरकारने परत नेले. काहींच्या बागेत अवजारांच्या खोल्या झाल्या, काही तुमच्यासारख्यांच्या कुदळीला लागतात.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: भुयार. भुयार म्हणजे बोगदा, हा समज 'भुयारी मार्गा'च्या पाट्यांनी पक्का केला. मूळ शब्द पाहा. भूमिगृह! त्याचं प्राकृतात भूमिहर, आणि झिजत झिजत भुयार. मातृगृहाचं माहेर झालं, देवगृहाचा देव्हारा, तशीच ही वाट. तिन्ही शब्दांत शेवटी एक घर पुरलेलं आहे, फक्त 'र' तेवढा वर दिसतो.

कुणी हा शब्द 'भूविवरा'वरून काढतात. विवरात साप राहतात, कुटुंब नव्हे. ते सोडा, गुजरातीत तळघराला आजही भोंयरुं म्हणतात. त्यातला अनुस्वार ही 'भूमी'तल्या म-ची खूण. भूविवरातून तो काढून दाखवा, मी माझं मत मागे घेतो. गेली कित्येक वर्षं हे आव्हान देतोय, अजून कुणी काढलेला नाही.

तर आईला लिहा: परसात युद्धातलं भुयार सापडलं. जमिनीतलं घर, अक्षरशः.

हो, लिंग राहिलं. भुयार ते. शेल्टरही तेच.