मटकीचं ‘गृहीतक’

कोथरूडहून एका आईंचा प्रश्न आला आहे. त्यांची मुलगी नववीत, मराठी माध्यमात आहे. विज्ञान-प्रकल्पाच्या वहीत ‘उद्देश, साहित्य, गृहीतक, कृती, निरीक्षण, निष्कर्ष’ अशी शीर्षकं घालून दिलेली. मुलीने ‘गृहीतक’ या शब्दाखाली लिहिलं, ‘अंधारात मटकीला लवकर मोड येतात’. आणि मग तीच अडली. भूमितीच्या तासाला तर गृहीतक म्हणजे सिद्ध न करता खरं मानायचं विधान असं शिकवलंय. मी हे आधीच खरं मानलं असेल, तर मटकी भिजवायची कशाला? आई विचारतात, चूक कोणाची, मुलीची की शब्दाची? आणि दुसरा शब्द आहे का?

मुलीची तर नाहीच. उलट तिचे कान तिखट आहेत.

‘गृहीत’ म्हणजे घेतलेलं, धरलेलं. ‘मला गृहीत धरू नकोस’ असं आपण घरात म्हणतो तेव्हा तक्रार काय असते? की मला न विचारता तू माझा होकार धरलास. युक्लिडची गृहीतकं अगदी तशीच आहेत. सगळे काटकोन एकमेकांएवढे असतात, हे त्याने विचारलं नाही, धरलं, आणि त्यावर प्रमेयांचे मजले चढवले. त्या पुस्तकापुरती ती विधानं कधी परीक्षेला बसत नाहीत. प्रयोगाआधी मांडलेलं विधान, इंग्रजीतलं ‘हायपोथेसिस’, मात्र बसवायचं असतं ते परीक्षेलाच. दोन्हींना एकच नाव दिलं की नववीतली मुलगी अडणारच. संशोधन-पद्धतीच्या मराठी पुस्तकांत ‘गृहीतक’ हा शब्द दोन्ही अर्थांनी सर्रास चालतो, म्हणून शिक्षकांनाही बोल लावता येत नाही.

गंमत म्हणजे या प्रकल्पात खरीखुरी गृहीतकं आहेत, फक्त ती वहीत कुणी लिहिलेली नाहीत. दोन्ही वाट्यांतली मटकी एकाच पिशवीतली आहे, पाणी सारखंच घातलंय, मध्येच कुणी झाकण उघडून पाहिलेलं नाही. (शेवटचं गृहीतक आमच्या घरी टिकलं नसतं.) ही मान्य करूनच पुढे जायचं.

आता पर्याय. ‘परिकल्पना’ हिंदी पाठ्यपुस्तकांतला ओळखीचा शब्द, मराठीतही वापरतात, पण तो कानाला ‘कल्पने’कडे ओढतो आणि मुलांना वाटतं काहीतरी रचून लिहायचंय. ‘गृहीतकृत्य’बद्दल न बोललेलं बरं. तत्त्वज्ञानाच्या मराठी लेखनात ‘अभ्युपगम’ आढळतो. तो भारदस्त आहे आणि आलाय थेट न्यायसूत्रांतून, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ संस्कृत ग्रंथातून. तिथे सिद्धांताचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला चौथा अभ्युपगम-सिद्धांत: एखादी गोष्ट न तपासताच तूर्त मान्य करायची आणि तिच्या पुढचे तपशील तपासायचे. ‘बरं बाबा, तुझंच खरं मानू, मग पुढे काय होतं बघ’, असा पवित्रा. म्हणजे नीट पाहिलं तर हाही ‘गृहीता’चाच चुलत भाऊ निघाला.

मला हवा तो शब्द त्याच ग्रंथात थोडा पुढे आहे. न्यायसूत्रांत ‘तर्का’ची व्याख्या आहे: ‘अविज्ञाततत्त्वेऽर्थे कारणोपपत्तितस्तत्त्वज्ञानार्थमूहस्तर्कः’. ज्याचं खरं स्वरूप अजून कळलेलं नाही, त्याबद्दल कारणं लावून, खरं काय ते कळावं म्हणून केलेला ‘ऊह’ म्हणजे तर्क. यातला प्रत्येक शब्द मटकीला लागू पडतो. माहीत नाही, कारण सुचतंय, कळून घ्यायचंय. आणि हा ऊह मराठीत जिवंत आहे, फक्त एकटा फिरत नाही, जोडीने येतो: ऊहापोह. ऊह म्हणजे पुढे मांडणं, अपोह म्हणजे दूर सारणं. आपण हा शब्द परिसंवादांवर उधळून त्याचा नुसता ‘साधकबाधक चर्चा’ करून टाकला. पण वैज्ञानिक पद्धतीचे दोन्ही पाय त्या एका शब्दात आहेत. अंदाज, अटकळ, कयास, होरा हे सगळे ऊहाचे सोयरे. मात्र त्यांना अपोहाची जोड नाही. अटकळ चुकली तर ‘चुकली’ म्हणून सोडून देतो. ऊह चुकला तर तो कशाने चुकला हे लिहून ठेवावं लागतं.

हे फक्त प्रयोगशाळेत चालतं असं वाटत असेल तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेकडे पाहा. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं, म्हणजे हस्तलिखितं ताडून जुनी संहिता ठरवण्याचं, काम १९२५ मध्ये विष्णू सीताराम सुकथनकरांकडे आलं. हा केंब्रिजला गणित शिकलेला माणूस. देशभरातून आलेली हस्तलिखितं, लिप्या वेगळ्या, श्लोक कमी-जास्त. त्यांनी हस्तलिखितांची घराणी लावली आणि कोणता पाठ, म्हणजे श्लोकाचं कोणतं रूप, जुना असावा याचे ऊह केले. काही ठिकाणी तर हाती असलेल्या एकाही हस्तलिखितात जसाच्या तसा न मिळणारा पाठ त्यांनी ‘मूळ असा असला पाहिजे’ म्हणून छापला. जिथे खात्री कमी, तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर नेपाळमधलं एक जुनं हस्तलिखित हाती आलं आणि त्यांनी सुचवलेले काही पाठ त्यात प्रत्यक्ष सापडले, काही नाही सापडले. दोन्ही गोष्टी त्यांनी मोकळेपणाने मांडल्या. ती नागमोडी रेघ मला फार आवडते. ‘इथे मी ऊह केला आहे, अपोह करायला या’, असं आमंत्रणच आहे ते.

शिवाजीनगरच्या वेधशाळेचा ‘अंदाज’ हा पुणेकरांचा विनोदाचा पिढीजात विषय. त्या इमारतीला शिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं. पण तिथल्या अंदाजाची वंशावळ ऊहाचीच आहे. हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं, की हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा मोसमी पाऊस कमी होतो. या धाग्यावर दीर्घकालीन अंदाज सुरू झाले. पुढे एवढ्या एका धाग्यावर भागत नाही असं दिसलं, आणि विभागाचे नंतरचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे जुळवू लागले. ब्लॅनफर्ड यांनी बर्फाचं विधान ‘गृहीतक’ म्हणून धरून ठेवलं असतं तर ही पुढची शोधाशोध झालीच नसती.

जाता जाता ‘सिद्धांता’बद्दल, कारण आईंनी तोही विचारलाय: ‘उत्क्रांती हा नुसता सिद्धांत आहे’ असं लोक म्हणतात ते बरोबर का? सिद्ध + अंत, म्हणजे वादाच्या शेवटी उरलेला निर्णय. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडून, खोडून झाल्यावर येतो तो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ असं नाव ग्रंथाला दिलं ते काही अटकळींचा मुकुटमणी म्हणून नव्हे. तेव्हा ‘नुसता सिद्धांत’ हे मराठीत ‘नुसता निकाल’ म्हणण्यासारखं आहे. हे वाक्य इंग्रजीतून भाषांतर होऊन आलंय. बोलताना आपण ‘त्याची आपली एक थिअरी आहे’ म्हणतो, तेव्हा ती थिअरी ऊहाच्याही खालची असते. सिद्धांताची अडचण उलटी आहे: त्यातला ‘अंत’ इतका ठाम वाजतो, की पुढे सुधारणा झाली तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. मला म्हणून ‘उपपत्ती’ बरी वाटते. तिच्यात कारण लावून दाखवणं आहे आणि दार बंद होण्याचा आवाज नाही.

तर वहीत काय लिहायचं? ‘ऊह’ लिहिलात तर शिक्षक ‘उहू’ वाचतील. ‘तर्क’ लिहा. रोजच्या बोलण्यातला आहे, व्याख्या वर दिली आहेच. शीर्षक बदलायला शाळा तयार नसेल तर ‘गृहीतक (आमचा तर्क)’ असं लिहून भागवा, गुणांशी भांडण नको. त्याखाली दोन ओळी असू द्या: तर्क, आणि काय दिसलं तर तो सोडून देऊ. कारण अंधार हे एकच कारण नाही. फडक्यात बांधल्याने मटकीला ओल टिकते आणि ऊबही मिळते. एक पुरचुंडी उजेडात ठेवा, एक कपाटात, दोन्ही सारख्याच ओल्या आणि शक्यतो सारख्याच उबेत. मोड दोन्हीकडे एकदमच आले तर मुलीचा तर्क गेला, उसळ मात्र होईल.