हातात नाही म्हणून हात झटकू नकोस

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तू साताऱ्याला जेमतेम एकदा जाऊन आलास. कारणही तूच लिहिलंस: त्यांचं बरं होणं माझ्या हातात नाही, आणि जे हातात नाही त्यात गुंतायचं नाही हे मी स्टोइकांकडून, म्हणजे ग्रीस-रोममधल्या त्या प्राचीन तत्त्वज्ञांकडून शिकलो. टीम लीडनं तुझ्याबरोबरच्या मुलीचं काम स्वतःच्या नावावर खपवलं, तेव्हाही याच कारणानं तू मीटिंगमध्ये गप्प राहिलास.

त्या स्टोइकांपैकी एपिक्टेटस तू वाचायला घेतलास याचा मला खरंच आनंद आहे. पण तू त्याचं अर्धंच म्हणणं उचललंस, आणि राहून गेलेलं अर्धं नेमकं तुझ्या बाबांच्या वाट्याचं आहे.

हातात काय आणि हाताबाहेर काय, ही विभागणी त्याच्या 'एन्खिरिडिअन' या पुस्तिकेच्या सुरुवातीलाच येते. आपली मतं, आपल्या इच्छा, आपण काय करायचं ठरवतो ते आपल्या हातात. शरीर, पैसा, नावलौकिक, पद हे नाही. स्टोइकांवरचे मोबाईलवरचे व्हिडिओ इथेच थांबतात. तीच पुस्तिका पुढे सांगते की आपली कर्तव्यं नात्यांवरून ठरतात, आणि वडील म्हटले की त्यांची देखभाल आलीच.

एपिक्टेटस गुलाम होता. सुटका झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला. सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांना हाकलल्यावर त्यानं ग्रीसमध्ये निकोपोलिसला शाळा काढली. त्याचं बोलणं आरियन या शिष्यानं लिहून ठेवलं, त्यात एका अधिकाऱ्याची गोष्ट आहे. त्याची लहान मुलगी फार आजारी होती. ते त्याला बघवेना, म्हणून तो घरातून निघून गेला आणि ती सावरल्याचा निरोप येईपर्यंत परतलाच नाही. योग्य वागलास का, असं विचारल्यावर तो म्हणाला, बापाच्या जिवाला असं होणं स्वाभाविकच आहे. एपिक्टेटस त्याला सोडत नाही. आईचा तिच्यावर जीव नाही? मग आईनंही निघून जायला हवं होतं का? दाईनं? सांभाळणाऱ्या नोकरानं? म्हणजे ज्यांचं तिच्यावर प्रेम त्या सगळ्यांनी पोरीला एकटं टाकायचं, आणि तिनं परक्यांच्या हातात मरायचं? तू आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर असंच प्रेम केलेलं चालेल?

तो अधिकारी माया आवरेना म्हणून पळाला, तू माया आवरून लांब राहिलास. खाटेवरच्या माणसाला दोन्हींत काय फरक पडतो? बाबांची बोटं मिटतात, पण उघडताना अडकतात, असं तूच लिहिलंस. मऊ चेंडू त्यांच्या तळव्यात द्यायचा, त्यांनी दाबायचा, मग एकेक बोट हळूहळू सरळ करायचं, हे सगळं आई एकटी करते. हात किती सुधारेल हे डॉक्टरही आज सांगू शकत नाहीत. सुधारला नाही तरी तासभर न वैतागता तिथे बसता यावं, त्यासाठी ही विभागणी कामाला येते. बोटं उघडणं तुझ्या हातात नाही, चेंडू धरणं आहे.

मार्कस ऑरेलियसचं एक वचन तू डेस्कवर लावलं आहेस: आज मला लुडबुडे, कृतघ्न, उद्धट लोक भेटणार आहेत. त्याच परिच्छेदात खाली तो म्हणतो की आपण एकमेकांबरोबर काम करायला जन्मलो आहोत, हातापायांसारखे, पापण्यांसारखे, वरच्या-खालच्या दातांसारखे; एकमेकांच्या विरुद्ध जाणं हे निसर्गाच्याच विरुद्ध. तेही लिहून खाली चिकटव. हा माणूस 161 ते 180 पर्यंत रोमचा सम्राट होता, त्याची अनेक मुलं लहानपणीच गेली. आपल्या जुन्या गुरूला, फ्रोंटोला, पाठवलेल्या एका पत्रात तो छोट्या मुलाचा खोकला जरा कमी झाल्याचं कळवतो. एवढं साम्राज्य सांभाळणाऱ्या माणसाचं लक्ष पोराच्या खोकल्याकडे होतं! मला स्टोइक माणूस असाच दिसतो.

आता ऑफिस. शहाणपण, धैर्य आणि संयम यांच्या बरोबरीनं स्टोइक न्याय हा सद्‌गुण मानतात, आणि त्याच्याशिवाय बाकीचे तीन त्यांच्या लेखी टिकतच नाहीत. लीड काय उत्तर देईल ते तुझ्या हाताबाहेरचं होतं, पण 'हा भाग तिनं केला आहे' एवढं म्हणणं पूर्णपणे तुझ्या हातात होतं. अप्रेझलवर परिणाम होईल ही भीती खोटी नाही, मी ती उडवून लावणार नाही. पण पद आणि नावलौकिक दुसऱ्या यादीत टाकण्याचा अर्थच हा की त्यांच्यापायी खरं बोलणं सोडायचं नाही.

सेनेका हा आणखी एक रोमन स्टोइक रात्री दिवा नेल्यावर, बायको गप्प झाली की, सगळा दिवस स्वतःपुढे मांडायचा आणि काही लपवायचा नाही. तूही करून बघ. त्यात माझा एक प्रश्न घाल: आज कोणाला माझी गरज होती आणि मी कुठे होतो?

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकड. फिजिओथेरपीला येणाऱ्या बाईंकडून व्यायाम नीट समजून घे, कुठलं बोट किती ताणायचं ते त्यांच्यासमोर करून दाखव. आईला त्या दोन दिवसांत सुट्टी दे, ती नको म्हणाली तरी. सोमवारी लीडशी बोलायच्या आधी त्या मुलीला विचार, तिला हे चालणार आहे का आणि तिला स्वतःला बोलायचं आहे का. नोकरी तिचीही आहे. ती हो म्हणाली तर बोल, आणि काय झालं ते मला कळव.

आई-बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम