इंग्रजीतला ‘हॉब्सन्स चॉइस’ हा वाक्प्रचार म्हणजेच ‘इकडे आड, तिकडे विहीर’ का? आणि हा हॉब्सन कोण?

नाही, दोन्हींचा अर्थ एक नाही. ही गल्लत मला भाषांतरांत वारंवार दिसते आणि दर वेळी खटकते. आड आणि विहीर म्हटलं की दोन वाटा आल्या, दोन्ही वाईट. हॉब्सनकडे वाट एकच. मेसमध्ये आज फक्त कारल्याची भाजी आहे. घ्या, नाहीतर उपाशी उठा. हा झाला हॉब्सन्स चॉइस.

थॉमस हॉब्सन खरोखर होऊन गेला. जन्म १५४४चा. इंग्लंडमधल्या केंब्रिजहून लंडनला माल आणि टपाल गाड्यातून नेणं हा त्याचा व्यवसाय. शिवाय तो घोडे भाड्याने द्यायचा, आणि गिऱ्हाईक मुख्यतः विद्यापीठातली पोरं. त्याच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी, १७१२ साली, लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकात जी हकिकत आली ती अशी: तबेल्यात चाळीस उमदे घोडे, पण घ्यायचा तो दाराशी उभा असलेलाच. तो नको असेल तर पायी जा.

हे वाचून हॉब्सन आडमुठा वाटतो. मला तसं वाटत नाही. पोरांना सोडलं असतं तर सगळ्यांनी तेच चार वेगवान घोडे मागितले असते आणि दामटून दामटून त्यांचा जीव काढला असता. दाराशी पाळीपाळीने घोडा आला की प्रत्येकाला काम आणि प्रत्येकाला विसावा. फार वेगाने हाकलं नाही तर लंडनला वेळेत पोचाल, असंही तो पोरांना बजावायचा म्हणे. म्हणून मला या वाक्प्रचारातली सक्ती मुजोरीची वाटत नाही, मुक्या जनावराच्या काळजीची वाटते.

छापील मजकुरात हा शब्दप्रयोग १६६० पासून सापडतो, म्हणजे हॉब्सन गेल्यावर तीसेक वर्षांत माणसाचं नाव भाषेत मुरलं होतं. केंब्रिज शहरात एके काळी पिण्याचं पाणी आणणाऱ्या कालव्यालाही त्याचंच नाव आहे. त्या कामाला त्याने पैसा दिला होता.

१६३० मध्ये प्लेगमुळे त्याच्या लंडनच्या खेपा बंद झाल्या, आणि १ जानेवारी १६३१ ला, शहाऐंशीच्या घरात, तो वारला. तेव्हा केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या जॉन मिल्टन या इंग्रज कवीने त्याच्यावर दोन कविता लिहिल्या. गाडा चालू होता तोवर मृत्यूला हा सापडला नाही, गाडा थांबला आणि सापडला, असा त्यांचा सूर आहे.