दुर्बिणीसाठी घरी घासलेला ६ इंची मिरर टेस्ट करायला फुको की रॉन्ची? ग्रेटिंग कुठं मिळेल?

फुको कर भावा, म्हणजे मिररवर दिव्याचा उजेड टाकायचा आणि परत येणारा उजेड ब्लेडनं कापत मागून बघायचं. रॉन्चीत ब्लेडऐवजी बारीक रेघांची जाळी, म्हणजे ग्रेटिंग; त्याच्या पट्ट्या दिसायला भारी, मिररची कड खाली वळलीय का ते पटकन कळतं, पण किती चुकलंय त्याचा आकडा दाढीच्या ब्लेडनंच मिळतो.

पण टेस्टरपेक्षा टेस्ट करणारा जास्त घोळ घालतो, हे मी भोगलंय. माझा ६ इंची एफ/८, म्हणजे फोकस व्यासाच्या आठपट, ४८ इंचावर, आणि दिवा-ब्लेडचा टेस्टर त्याच्या दुप्पट, ९६ इंचावर, म्हणून मिरर माजघरात आणि टेस्टर सोप्यात, पंखा बंद, घरचे वैतागलेले. आमच्या ग्रुपातले एक काका बघायला आले. त्यांनी मिरर उचलला, अंगठा बरोब्बर मधोमध, फिरवून बघितला, स्टँडवर ठेवला आणि लगेच ब्लेडला डोळा लावून म्हणाले, "मध्ये टेकडी आहे, घास." मी येडा, रात्रीच पिच लॅपवर (डांबरासारख्या पिचचा पॉलिश करायचा तवा) मधला भाग घासत बसलो. सकाळी बघतो तर टेकडी कुठली, खड्डा! परत गोल आणायला तीन आठवडे गेले.

नंतर शंका आली म्हणून मुद्दाम दहा सेकंद अंगठा टेकवला आणि ब्लेडमागून बघितलं, तर काचेवर गळवासारखा फुगवटा, आणि थोड्या वेळात आपोआप बसला. साधी जाड काच होती, पायरेक्सला (उष्णतेनं कमी फुगणारी काच) हे कमी होतं. काकांना दाखवलं तर म्हणे "मी तुझ्या जन्माआधीपासून मिरर घासतोय." बरं मग? हबल अंतराळ दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा घासणारे काय नवशिके होते? त्यांच्या टेस्टरमधली एक लेन्स १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसली होती, दुसऱ्या टेस्टमध्ये गडबड दिसतही होती, पण भरवसा एकाच टेस्टरवर. १९९० ला वर गेल्यावर कळलं. अनुभव असला तरी काच गार होऊ द्यावीच लागते काका.

तर घासल्यावर दोन तास तरी थांब, आणि तीन वेगवेगळ्या दिवशी रीडिंग घे. दिवा ब्लेडबरोबर सरकत असेल तर एफ/८ ला मिररच्या मध्याचं आणि कडेचं रीडिंग यांत फरक साधारण १.२ मिलिमीटर यायला पाहिजे. दिवा फिक्स असेल तर दुप्पट, हे आधीच सांगायला पाहिजे होतं. आणि तुझा एफ/५ असेल तर हे आकडे सोडून दे, तिथं पॅराबोला (गोलापेक्षा मध्ये जरा खोल असा शेवटचा आकार) खूप खोल करावा लागतो.

ग्रेटिंग मी कधी घेतलंच नाही. ब्लेड सरकवायचा स्टँड मात्र उद्यमनगरात लेथवाल्याकडनं करून घे, स्क्रू ढिला असला तर रीडिंगला काय अर्थ नाही.